रिळाला बांधलेली किल्ली
शिवणखात्यातल्या बाथरूमची किल्ली माझ्याकडे, म्हणजे सुपरवायझरकडे असते. हरवू नये म्हणून रिकाम्या रिळाला बांधलेली. काजं करणारी बाई मागायला आली तेव्हा किल्ली माझ्या खिशातच होती, तरी मी ड्रॉवर उपसत बसलो. चारचौघांत बाई लघवी रोखून धरते आणि काही झालंच नाही असा चेहरा ठेवते, असले व्हिडिओ मी चोरून बघतो. त्या चेहऱ्याची मला चटक लागलीय. व्हिडिओतली बाई मात्र शेवटी कॅमेऱ्याकडे बघून हसते. ही हसली नाही. टेबलाची कड घट्ट धरून म्हणाली, "दादा, जरा लवकर बघा ना." मी ड्रॉवरच्या आडून हळूच खिशात हात घातला. "सापडली," म्हणत मी किल्ली पुढे केली. परत आल्यावर तिने ती पुसून माझ्या टेबलावर ठेवली. "माझ्यामुळे तुमचा सगळा ड्रॉवर विस्कटला," ती ओशाळून म्हणाली. "उद्यापासून पाणीच कमी पिईन मी."