सायलोसीचा ताप

सुवा शहरातून परतल्यापासून सायलोसीचा ताप हटत नव्हता. "एचआयव्हीची सुरुवात अशीच होते म्हणे," यंगोनाच्या मुळ्यांचं गुंगीचं पेय पिताना तो रडवेला होऊन बोलला, आणि फसला. आम्हा सहा जणांच्या बैठकीतल्या सामाईक करवंटीला हात लावायची त्याला बंदी झाली.

"राग नको मानू मेव्हण्या, आम्हाला लेकरंबाळं आहेत," एपेली म्हणाला. एचआयव्ही उष्ट्याने पसरत नाही हे मी वाचलं होतं, पण बोलायचा धीर झाला नाही.

शनिवारी सायलोसी तपासणीचा कागद नाचवत आला. "एचआयव्ही नाही! नुसता टायफॉईड आहे!"

"मग दाराशी काय उभा? मधे बस की!" एपेलीने पहिली करवंटी त्यालाच दिली. त्याच करवंटीने मग आम्ही सगळे प्यालो.



आज सरकारी दवाखान्यात आम्हा सहाही जणांच्या खाटा ओळीने आहेत. एचआयव्ही मात्र कुणालाच नाही.