तीन दगडांची खूण

मिफ्ताहला त्या दगडांतून दोन गोष्टी मिळत. पहिली, प्रवासी. अलामीनची रणभूमी बघायला आलेल्या माणसाला एकदा का वाटेच्या दोन्ही अंगांना एकावर एक रचलेले तीन-तीन दगड दिसले, की तो या वाटाड्याची, मिफ्ताहची, पाठ सोडत नसे. तीन दगड म्हणजे खाली सुरुंग. महायुद्ध संपून जमाना झाला, सुरुंग अजून वाळूत जागे आहेत, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. दुसरी गोष्ट, चारा. त्या उतारावर त्याच्या मेंढपाळ टोळीतलं कोणी जनावर घालत नसे. मिफ्ताहची मेंढरं तेवढी, दुपारी पाहुणे परतले की टेकडीमागून गुपचूप उतरत. कारण दगड त्यानंच रचले होते, आणि खाली सुरुंग सोडा, साधी गोळीही नव्हती.

आज हॅडो नावाचा म्हातारा स्कॉट, बाप लढला तो खंदक फोटोत नीट यावा म्हणून चार पावलं आडवा गेला. पायाशी तीन दगड दिसले आणि त्याचा खांब झाला.

"साहेब, या परत. काही नाही तिथं."

"सकाळी तूच म्हणालास, इथं चुकीचं पाऊल म्हणजे शेवटचं पाऊल."

"ते आपलं... म्हणायची रीत असते, साहेब."

"मी हलणार नाही."

मिफ्ताह सरळ जाऊन त्याचा हात धरणार, तोच हॅडोच्या गाडीच्या ड्रायव्हरनं ओरडून बोलावलेली माणसं येऊन ठेपली. पुढे टोळीचा वडीलधारा हाज दिरबाल, मागे कुबड्यांवर त्याचा मुलगा अकीला. मिफ्ताहचं उचललेलं पाऊल तिथंच खाली आलं.

तीन वर्षांमागच्या दुष्काळात, हा उतार बंद म्हणून अकीला मेंढरं घेऊन लांब पूर्वेला गेला होता. तिथं दगड नव्हते, सुरुंग होता. आता मिफ्ताह बेधडक चालला असता, तर त्या पायाचा जाब त्याच्याच दारात आला असता. आणि न जावं, तर ऊन डोक्यावर आलेलं, म्हातारा ऐंशीचा.

मिफ्ताह पोटावर आडवा झाला. काठीनं वाळू टोचत वीत-वीत सरकू लागला.

"बायकोला काही निरोप?" ड्रायव्हरनं विचारलं. हसलं कोणीच नाही.

अर्धा तास गेला. हॅडो डुलायला लागला. "पाणी," म्हणाला. उरलेलं अंतर पाच-सहा ढांगांचं होतं, पण ढांगा टाकायची सोय राहिली नव्हती.

टेकडीमागे घंटा किणकिणल्या. मेंढरांची वेळ झाली होती. चाळीसेक मेंढरं उतारावर पसरली, दगडांना अंग घासत, राशी पाडत. पुढची मेंढी धन्याला ओळखून त्याच्या कानाशी चरू लागली.

ड्रायव्हरनं कानांवरचे हात हळूच काढले.

"धीट आहेत रे," हाज म्हणाला. "कुणाची म्हणायची?"

"काका, माझं ऐका—"

"तू पडून राहा, बाळा. जपून."

अकीला आत शिरला. कुबड्या टेकत मिफ्ताहच्या अंगावरून गेला, खाली बघितलंही नाही. त्यानं हॅडोला पाणी पाजलं, एक कुबडी त्याच्या हातात दिली, आणि दोघं एकमेकांना धरून निघाले. मिफ्ताहपाशी येऊन हॅडो थांबला. त्याचे डोळे भरले होते.

"हा माणूस माझ्यासाठी सुरुंगांतून चालत आला," तो मिफ्ताहला म्हणाला. "विचार त्याला, हा पायसुद्धा असाच कुणासाठी गेला का?"

इंग्रजी टोळीत एकट्या मिफ्ताहला येत होती.

"काय म्हणतोय पाहुणा?" हाजनं विचारलं.

मिफ्ताहच्या तोंडात वाळू होती. ती थुंकायला त्यानं बराच वेळ घेतला.

"विचारतोय... पाय कुणापायी गेला."

अकीलानं पहिल्यांदाच खाली बघितलं.

"मग सांग की. भाषा तुलाच येते."