फाटकासमोरचा चढ

नव्या कोऱ्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स तिसऱ्यांदा तापला, तेव्हा नुकतंच लायसन्स मिळालेली लेक पुरती चक्रावली. बाबांचं ऑफिस ते घर सगळा सपाट रस्ता, मग ही बया तापते कशाने?

मेकॅनिक म्हणाला, "गाडीत काही खोट नाही. कुणीतरी चढावर ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर तिला धरून ठेवतंय. धड पुढे नाही, धड मागे नाही."

"चढावर? बाबा, तुम्ही येता तरी कुठून?"

बाबा ओशाळले. "वाट वाकडी करून दादाच्या फाटकापाशी थांबतो गं. दोन वर्षं बोलणं नाही आमचं. बेल वाजवावी की निघावं, तेच कळत नाही."

तिने त्यांच्या हातातून चावी काढून घेतली. "चला, काकांच्या फाटकाशी ब्रेक मी दाबते. तुम्ही फक्त उतरा."