मूळ प्रत

तिला घडवणाऱ्या गाण्यांचा एक संग्रह रेकॉर्ड कंपनीला काढायचा होता. रॉक गाणारी बाई म्हणून तिचं नाव झालं होतं खरं, पण तिचा कान तयार केला तो दादाने. रेडिओला टेपरेकॉर्डर चिकटवून तो गाणी भरून घ्यायचा आणि घरादाराला दटावायचा, "श्श, कोणी शिंकायचंसुद्धा नाही." तरी आईच्या हातून झाकण पडायचंच, आणि तेही, दादाच्या "श्श"सकट, कॅसेटमध्ये उतरायचं. ते झाकण गाण्यातलंच, असं ती कितीतरी वर्षं समजत होती.

पुढे दादा गेला. मग फीत गुंतून कॅसेटही गेली, आणि त्याचा आवाज कुठेच उरला नाही.

दुपारी आपल्या तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन ती स्टुडिओत बसली. रेकॉर्डिस्टने त्यातल्याच एका गाण्याची कंपनीकडची मूळ, स्वच्छ प्रत लावली.

मधेच झाकण पडलं. पाठोपाठ कोणीतरी म्हणालं, "श्श."

रेकॉर्डिस्ट चपापला. "सकाळी हे नव्हतं हो, ताई. पुसून टाकतो."

"पुसू नका," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पुन्हा लावा."

या वेळी झाकण पडलं नाही. अनवाणी पावलं मात्र चालत जवळ आली, आणि कोणी रेडिओचा कान पिळावा तसं गाणं बारीक झालं.

बाळ रडायला लागलं. ती त्याला थोपटू लागली.

"रडू दे गं त्याला," स्पीकरमधून दादा हळूच म्हणाला. "भरून घेतोय मी."