लाल्याची सोय

नातीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या वर्षी डॉक्टरांनी नंदाखाल गावच्या इनासला सहा महिन्यांची मुदत दिली. त्याला काळजी एकच: त्याचा म्हातारा कुत्रा लाल्या दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही, आपल्यामागे उपाशी मरेल. म्हणून त्यानं कुत्र्याची थाळी सून रोझमेरीकडे दिली आणि लाल्या जवळ आला की काठी हाणू लागला. “पप्पा, मुक्या जनावराला मारता कशाला?” रोझमेरी चिडली. “तुला चिकटू दे. माझं काय, उद्या सिमेट्रीत.” लाल्या शिकला. तिच्या हातचं खाऊ लागला, इनासचा खोकला ऐकला की लपायचा. महिने सरले, औषध लागू पडलं, इनास वाचला. काठी टाकून तो रोज बांगड्याचं डोकं घेऊन अंगणात बसे. “ये बाबा, चुकलं माझं,” म्हणे. लाल्या थरथरत रोझमेरीला बिलगे. यंदा ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी लाल्या तिच्या मांडीवर मेला. इनास अजून आहे.