नानांच्या दोन भाकऱ्या

"लाखात एकाला होतो हा पोटाचा कॅन्सर. आपल्याला साधा आजार होईलच कसा?" म्हणत धोंडीनाना वॉर्डाला हसवायचे. निम्मं जठर कापलं तरी रोज दोन भाकऱ्या रिचवतो, तरुणपणी तर वाघालाही भाकरी वाढली होती, असं ऐकवायचे. भाकऱ्या खरं तर खिडकीखालचं कुत्रं खायचं.

आज शेजारच्या खाटेवरच्या केरबानं पेज ओकली, तशी त्याची बायको करवादली, "नानांचंही असलंच ऑपरेशन झालंय. ते भाकरी खातात. तुम्हीच मन घट्ट करत नाही." केरबा चोरासारखा भिंतीकडे वळला.

नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी उशीमागे लपवलेला पेजेचा डबा काढून सगळ्यांदेखत तोंडाला लावला. चौथ्या घोटाला घाम फुटला आणि डबा खाली ठेवावा लागला.

"पोरी, मलाही एवढंच जातं," ते मान खाली घालून म्हणाले. "भाकरी कुत्रं खातं."

बऱ्याच वेळानं केरबानं कूस बदलली आणि पेजेची वाटी मागितली.

"आणि नाना, वाघ?" एक घोट घेऊन त्यानं विचारलं.

"वाघाचं खरं आहे. चटणीही मागितली त्यानं."