शब्दमर्यादा

"इतकं बोलली तुझी आई?" बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला.

मुलीने लॅपटॉपवरून नजर काढली नाही. "हं."

"शेवटच्या वेळी?"

"हं."

निबंध परदेशातल्या विद्यापीठासाठी होता. रुग्णालयांच्या इमारती कशा असाव्यात हेच आपल्याला का शिकायचंय, ते दीड पानात पटवून द्यायचं होतं. मुदत आज संध्याकाळची. पाठवायच्या खर्ड्याची ही प्रत बाबांना दाखवायची नव्हतीच. ती प्रिंटरच्या तोंडाशीच राहून गेली आणि त्यांच्या हाती लागली. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. परकी भाषा त्यांनी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांतून उचलली होती. त्यामुळे निबंधही ओळीखाली बोट ठेवून, कुठे काही सैल आहे का बघावं तसे वाचत होते.

*लॅपटॉपवर, पहिला खर्डा. शेवटचा परिच्छेद.*

आई म्हणाली, "पंखा कमी कर गं." पंख्याचा रेग्युलेटर वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला, नर्सच्या टेबलामागे होता. मी गेले. परत आले.

*समासात, फी घेऊन निबंध सुधारून देणाऱ्या बाईंची लाल टीप:* प्रामाणिक आहे, पण हे कुठेच पोचत नाही. त्या आणखी काही म्हणाल्या नाहीत का? नीट आठव.

*मधला खर्डा.*

मी तिचा हात हातात घेतला. ती म्हणाली, "तू थांबू नकोस. आणि बाबांना म्हणावं, जिना धावत चढू नका."

*लाल टीप:* आता कसं! वडिलांचं वाक्य गोड आहे, पण शब्द जास्त होताहेत. ते काढ. प्रकाश तुझ्यावर हवा.

*पाठवायचा खर्डा.*

मी तिचा हात हातात घेतला. ती म्हणाली, "तू थांबू नकोस. दुसऱ्यांसाठी बांध."

*लाल टीप:* अंगावर काटा आला. आता याला हात लावू नकोस.

"बाई काय म्हणाल्या तुझ्या?" बाबांनी विचारलं.

"अंगावर काटा आला म्हणे."

"फीमध्येच धरलाय का काटा, की त्याचे वेगळे?" ते स्वतःच हसले. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. "बरं झालं पण. तू जवळ होतीस. मला आपलं रोज वाटायचं, एकटीच गेली बिचारी."

मुलीने एक स्वल्पविराम काढला. परत घातला.

"मी खाली औषधांच्या रांगेत," बाबा म्हणाले. "खिडकीवरचा म्हणतो, अक्षर लागत नाही, वर जाऊन विचारून या. लिफ्ट बंद. आयुष्यभर दुनियेच्या लिफ्टा चालू करून दिल्या मी, आणि..." त्यांनी हाताने जिना दाखवला. घरात जिना नव्हता. हात फ्रिजच्या दिशेने गेला. फ्रिजवर औषधांची पिशवी होती. तोंडाशी स्टेपल मारलेली. तिच्यावरची धूळ पुसायची, पण पिशवी उचलायची नाही, असं दोघांचं न बोलता ठरलं होतं.

बाबांनी डोळे टिपले. मुलीला काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं, एवढंच वाटलं.

"एक विचारू?" बाबा म्हणाले. "राग नको मानूस."

"विचारा ना."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

मुलीच्या तोंडात एक वाक्य आलं. बाबा, मी रेग्युलेटरपाशी होते, माझी पाठ होती तिच्याकडे. तिने ते वाक्य हल्ली सगळीच वाक्यं बघायची तसं बघितलं. शेवट पडेल. कुठेच पोचत नाही. तिने ते खोडलं.

"म्हणाली होती," मुलगी म्हणाली. "शब्दमर्यादेत बसलं नाही."

ती वाट बघत राहिली. बाबा आता चिडतील, निदान उठून आतल्या खोलीत जातील. पण त्यांनी हळूच मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं.

"असतं तसं. वजन जास्त झालं की लिफ्ट हलत नाही. मग कुणीतरी उतरायचं असतं. बहुतेक दाराजवळचाच उतरतो." त्यांनी कागद टेबलावर ठेवून हाताने सपाट केला. "आधी ते पाठव तुझं. वेळ जाईल नाहीतर."

मुलीने बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरलं, थांबलं, हिरवी खूण आली. आपला अर्ज मिळाला, असं खाली लिहून आलं. पुढे उद्गारचिन्ह होतं.

"गेलं?"

"गेलं."

"छान." बाबांनी तो कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. शर्टाच्या खिशातलं पेन काढून त्यांनी टोपण उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. "आता त्यातून उतरवलेलं तेवढं इथे लिहून दे मला. आपल्या भाषेत."

मुलीने पेन घेतलं. खुर्ची पुढे ओढली. कागदाच्या वरच्या कडेला एक बोटभर जागा सोडली, बाईंनी शिकवलं होतं तशी.

"किती शब्दांत?" तिने विचारलं.